वॉलेट तुमचं, तर रोजकीर्दही तुमचीच: डीफाय आणि परदेशी क्रिप्टोचा कर कसा भरायचा

नागपूरच्या धंतोलीतल्या माझ्या ऑफिसात गेल्या आठवड्यात एक पोरगा आला. आयटी पार्कात नोकरी, वर्षाचा पगार नऊ लाख. समोर बसला, लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "सर, मी तर पैसे बँकेत आणलेच नाही ना. सगळं वॉलेटमध्येच फिरलं. मग टॅक्स काहून?"

त्याच्या प्रश्नातच घोळाचं मूळ आहे. भारतीय एक्स्चेंजवर व्यवहार केला की एक टक्का टीडीएस कापला जातो, तो तुमच्या एआयएसमध्ये (आयकर खात्याकडच्या वार्षिक माहिती-पत्रकात) दिसतो आणि वर्षअखेरीस एक पत्रकही मिळतं. युनिस्वॅपसारख्या विकेंद्रित, म्हणजे कंपनीऐवजी कोडवर चालणाऱ्या डीफाय प्लॅटफॉर्मवर तुमच्या नावाने काही लिहून ठेवणारा कोणीच नसतो. तिथे ना पॅन मागतात, ना टीडीएस कापतात, ना पत्रक देतात. करातून मात्र सुटका नाही. इतवारीतला किराण्याचा ठोक व्यापारी रोज रात्री रोजकीर्द लिहितो, तशी ती आता तुम्हाला लिहावी लागणार. कलमं नंतर पाहता येतात. माझ्याकडे अडकून येणाऱ्या दहातल्या नऊ जणांचा घोळ कलमाचा नसतो, वही नसल्याचा असतो.

एक गोष्ट आधी. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला आहे, पण आर्थिक वर्ष २०२५-२६ चं विवरणपत्र जुन्या १९६१ च्या कायद्यानेच भरायचं. म्हणून खाली जुन्या कलमांचे आणि फॉर्मचे आकडे दिले आहेत. नव्या कायद्यात आकडे बदलले, दर तेच राहिले.

आधी ठरवा, तुम्ही रहिवासी आहात का

नागपुरात राहता, इथेच नोकरी करता, तर तुम्ही सामान्य रहिवासी. जगात कुठेही मिळालेलं उत्पन्न इथे दाखवावं लागतं, मग सर्व्हर सिंगापूरला असो की आणखी कुठे. ज्यांची मुलं अमेरिकेत किंवा दुबईत आहेत, त्यांनी दिवस मोजावेत. वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिलात की साधारणपणे रहिवासी. बरीच वर्षं बाहेर काढून परतलेल्याला पहिली काही वर्षं 'रहिवासी, पण सामान्य रहिवासी नाही' असा दर्जा मिळू शकतो आणि त्याला परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरावं लागत नाही. ज्यांना हा दर्जा लागू होत नाही, त्यांनी त्याच्या मागे वेळ घालवू नये.

मग सगळी वॉलेट एका कागदावर

त्या पोराला मी पहिल्यांदा एकच काम दिलं. आजवर उघडलेलं प्रत्येक वॉलेट, प्रत्येक एक्स्चेंज, प्रत्येक साखळी (ब्लॉकचेन) लिहून आण. चार म्हणून निघाला, अकरा घेऊन आला. दोन वॉलेटचा सीड फ्रेज (वॉलेट उघडायचे गुप्त शब्द) हरवला होता, पण पत्ता आठवत होता. तेवढंही पुरतं, कारण पत्ता टाकला की इथरस्कॅनसारख्या एक्सप्लोररवर (साखळीवरचे व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) पूर्ण इतिहास उघडा दिसतो आणि सीएसव्ही फाईल उतरवता येते. बँकेची पासबुकं, यूपीआयचे उतारे, एक्स्चेंजची पत्रकं आणि एआयएस यांच्या प्रती त्याच फोल्डरमध्ये ठेवा. परदेशी एक्स्चेंजची पत्रकं आजच उतरवा. डिसेंबर २०२३ मध्ये एफआययूने (केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाने) बायनान्स, कुकॉइन, क्रॅकन धरून नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा काढल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांची अ‍ॅप भारतातल्या अ‍ॅप स्टोअरमधून गेली. तेव्हा अनेकांची अडचण पैशांपेक्षा पत्रकांची होती.

रोजकीर्द कशी लिहायची

कलम ११५बीबीएच थोडक्यात असं सांगतं: आभासी डिजिटल मालमत्ता, म्हणजे क्रिप्टोची नाणी आणि टोकन, हस्तांतरित करून जो नफा होईल त्यावर सरसकट ३० टक्के कर, त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. मोठं उत्पन्न असेल तर अधिभार वेगळा. वजावट मिळते ती फक्त खरेदीच्या किमतीची. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. किती दिवस धरून ठेवलं याला काही अर्थ नाही.

'हस्तांतर' या शब्दाजवळ थांबा. नाण्याच्या बदल्यात नाणं घेणं हेही हस्तांतरच. बँकेत रुपया आला की नाही, याचा संबंध नाही. त्या पोराच्या वर्षातल्या चार नोंदी पाहा. त्याला विचारूनच इथे देतोय, आकडे थोडे गोल केले आहेत.

एप्रिलमध्ये त्याने भारतीय एक्स्चेंजवरून ८८ रुपयांच्या भावाने २,००० यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं नाणं) घेतले. खर्च १,७६,००० रुपये. जूनमध्ये स्वतःच्या वॉलेटमधून ते देऊन ०.८ इथर (इथेरियम साखळीचं नाणं) घेतलं. त्या दिवशी यूएसडीटीचा भाव ८९, म्हणजे मोबदला १,७८,००० आणि नफा २,०००. ऑगस्टमध्ये इथर चढलं. ०.८ इथर देऊन ३,४०० यूएसडीटी मिळाले, ९० च्या भावाने ३,०६,००० रुपये. नफा १,२८,०००. इथे थांबला असता तर बरं होतं. पण मित्राने कुठलं तरी नवं टोकन सांगितलं. सगळे ३,४०० त्यात घातले आणि नोव्हेंबरमध्ये १,९०० यूएसडीटी हातात राहिले. भाव ९१, म्हणजे १,७२,९०० रुपये. तोटा १,३३,१००.

घातले १,७६,०००, उरले १,७२,९००. खिशाला ३,१०० रुपयांची चाट. आणि कर? नफ्याच्या दोन नोंदी मिळून १,३०,०००, त्यावर ३९,००० कर, अधिक १,५६० उपकर. एकूण ४०,५६० रुपये. तोट्याची नोंद परिशिष्टात दिसते, पण नफा कमी करत नाही.

मी आकडा सांगितला तेव्हा पोरगा दोन मिनिटं काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "पण सर, बारा लाखांपर्यंत तर टॅक्स नाही ना?" ती सवलत पगारावर. विशेष दराच्या या उत्पन्नाला ८७ए ची सूट लागू नाही. हा कायदा मला न्याय्य वाटत नाही, पण विवरणपत्रात माझ्या वाटण्यासाठी रकाना नाही.

आता वहीचे रकाने. तारीख आणि वेळ, व्यवहाराचा हॅश (साखळीवरचा त्याचा ओळख-क्रमांक), काय दिलं, किती दिलं, त्या क्षणीचा रुपयातला भाव, काय मिळालं, किती मिळालं, गॅस (साखळीचं व्यवहार-शुल्क), शेरा. भाव कुठून घ्यायचा ते एकदाच ठरवा आणि वर्षभर तोच स्रोत ठेवा. भारतात यूएसडीटी बहुधा बँकेच्या डॉलरपेक्षा महाग असतो, त्यामुळे आज एका ठिकाणचा भाव आणि उद्या दुसरीकडचा, असं केलं की वही डुगडुगते. कुठल्या लॉटमधून विकलं हे ठरवताना मी 'आधी घेतलं ते आधी विकलं' हीच पद्धत धरतो. गॅस वजा होत नाही, तरी लिहा. न लिहिल्यास वहीतलं इथर आणि वॉलेटमधलं इथर जुळणार नाही आणि तुम्ही रात्रभर फरक शोधत बसाल.

पूल, स्टेकिंग, एअरड्रॉप

या भागावर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं वेगळं परिपत्रक नाही. म्हणून इथे मी काय करतो तेच सांगतो. लिक्विडिटी पूलमध्ये (इतरांना अदलाबदल करता यावी म्हणून जमवलेल्या नाण्यांच्या साठ्यात) दोन नाणी टाकली आणि बदल्यात पूलचं टोकन मिळालं, तर मी ती अदलाबदल धरतो आणि त्या क्षणीच नफा मोजतो. काही सहकारी 'ही फक्त ठेव आहे' असं म्हणतात. त्यांचा युक्तिवाद वाईट नाही, पण नोटिशीला उत्तर लिहिताना मला पहिली बाजू सोपी वाटते. स्टेकिंगचं (साखळी चालावी म्हणून नाणी अडकवून ठेवण्याचं) बक्षीस हातात पडलं त्या दिवशीच्या भावाने 'इतर उत्पन्न', त्यावर तुमच्या स्लॅबप्रमाणे कर. तोच भाव पुढे खरेदी किंमत बनतो, विकताना वाढलेल्या फरकावरच ३० टक्के. एअरड्रॉप (फुकट वाटलेली नाणी) किंवा भेट नातेवाइकांखेरीज कोणाकडून मिळाली आणि वर्षाची बेरीज ५०,००० च्या वर गेली, तर पूर्ण रक्कम कलम ५६(२)(एक्स) खाली करपात्र. आपल्याच एका वॉलेटमधून दुसऱ्यात पाठवलं तर कर नाही, पण दोन्ही बाजूंना नोंद हवी. नाही तर आलेलं नाणं फुकटात आल्यासारखं दिसतं आणि विक्रीची सगळी रक्कम नफा ठरते. ही चूक मी सॉफ्टवेअरने केलेल्या अहवालांत वारंवार पाहतो. ब्रिज वापरून दुसऱ्या साखळीवर नेलेल्या नाण्यांचं तर हमखास असंच होतं.

एक टक्क्याचा तिढा

कलम १९४एस १ जुलै २०२२ पासून आहे. रहिवाशाला मोबदला देणाऱ्याने एक टक्का कापायचा. साध्या पगारदारासाठी वर्षाला ५०,००० पर्यंत सूट, इतर बहुतेकांना १०,०००. ओळखीच्या माणसाकडून थेट घेतलंत तर कापणारे तुम्हीच. महिना संपल्यापासून ३० दिवसांत फॉर्म २६क्यूईने भरणा करायचा आणि विकणाऱ्याला फॉर्म १६ई द्यायचा. त्यासाठी टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) लागत नाही, पॅनवर काम होतं. समोरच्याने पॅन दिला नाही तर दर २० टक्के. नाण्याला नाणं असेल तर दोघांनीही कर भरल्याचा पुरावा एकमेकांना द्यायचा, असं जून २०२२ च्या १४ क्रमांकाच्या परिपत्रकात आहे.

पूलमध्ये समोर माणूस नसतो, एक कोड असतो. त्याच्याकडे पॅन कुठून मागणार? कायदा लिहिताना समोर कोणीतरी बसलेलं आहे असं गृहीत धरलंय. समोरचा अनिवासी असल्याचं माहीत असेल तर १९४एस ऐवजी १९५ चा, म्हणजे अनिवासीला पैसे देताना कापायच्या कराचा, प्रश्न येतो, तो आणखी अवघड. माझा सल्ला एवढाच: टीडीएस कापता आला नाही म्हणून व्यवहार लपवू नका. नोंद ठेवा, नफ्यावरचा कर आगाऊ भरा. वर्षाचा उरलेला कर १०,००० च्या वर जात असेल तर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखा पाळाव्याच लागतात. डीफायवाल्याचा टीडीएस कुठेच कापला जात नसल्याने व्याज बसतं ते इथेच.

परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट

परिशिष्ट व्हीडीए हे विक्रीसाठी, परिशिष्ट एफए हे नुसतं बाळगण्यासाठी. एकही व्यवहार केला नाही, नुसती नाणी परदेशी एक्स्चेंजवर पडून आहेत, तरी एफए लागू होतं. आणि त्याचं वर्ष वेगळं: आर्थिक नव्हे, कॅलेंडर वर्ष. २०२५-२६ च्या विवरणपत्रात १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२५ मधलं दाखवायचं. परदेशी एक्स्चेंजवरची शिल्लक मी ए२ म्हणजे कस्टोडियल (दुसऱ्याने सांभाळलेल्या) खात्यांच्या तक्त्यात देतो. रुपयात आणायला स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर घ्या.

स्वतःच्या हार्डवेअर वॉलेटमधली नाणी परदेशी की देशी? चावी धरमपेठेतल्या कपाटात, साखळी जगभर. कायदा यावर स्पष्ट बोलत नाही. माझ्या अशिलांना मी डी तक्त्यात, 'इतर भांडवली मालमत्ता' म्हणून दाखवायला सांगतो. दाखवल्याने कर वाढत नाही. लपवल्यास मात्र २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली वर्षाला दहा लाखांचा दंड बसू शकतो. स्थावर सोडून सगळ्या परदेशी मालमत्तांची एकूण किंमत २० लाखांच्या आत असेल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून हा दंड नाही. त्यावर विसंबून रकाना कोरा ठेवू नका. भाव चढला की २० लाख कधी ओलांडले ते तुम्हालाही कळत नाही.

आयटीआर-१ आणि आयटीआर-४ यात बसत नाहीत. पगारदाराला आयटीआर-२, धंदा किंवा फ्रीलान्सवाल्याला आयटीआर-३.

परदेशी क्लायंट यूएसडीसीत पैसे देतो तेव्हा

नागपुरात घरी बसून परदेशी क्लायंटचं काम करणारी पोरं पुष्कळ आहेत, आणि हल्ली क्लायंट सरळ वॉलेटचा पत्ता मागतो आणि यूएसडीसी (यूएसडीटीसारखंच डॉलरला बांधलेलं नाणं) पाठवतो. इथे तीन कायदे एकदम अंगावर येतात.

आयकरात हे सरळ आहे: मिळालं त्या दिवशीच्या भावाने व्यवसायाचं उत्पन्न, पुढे विकताना फरकावर ३० टक्के. फेमात (परकीय चलनाच्या कायद्यात) अडचण आहे. सेवा निर्यातीचा पैसा अधिकृत बँकेतून परकीय चलनात यायला हवा, वॉलेटमध्ये आलेलं नाणं त्यात मोजलं जात नाही. आणि जीएसटीत सेवा 'निर्यात' ठरायला मोबदला परिवर्तनीय परकीय चलनात किंवा रिझर्व्ह बँकेने मान्य केलेल्या ठिकाणी रुपयांत यावा लागतो. तो आला नाही तर शून्य दराचा हक्क जाऊन १८ टक्क्यांचा प्रश्न उभा राहतो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही. वर असेल तर क्लायंटला नम्रपणे सांगा: बँकेत पाठव. दोन टक्के शुल्क जास्त गेलं तरी चालेल.

उलट दिशेने, इथून पैसे बाहेर नेण्याची मर्यादा एलआरएसखाली (रहिवाशांनी परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली) वर्षाला अडीच लाख डॉलर. क्रिप्टोसाठी वेगळा उद्देश-संकेत नाही, बँका बहुधा नाही म्हणतात. भलताच उद्देश लिहून पाठवणं हा उपाय नव्हे. दहा लाखांच्या वरच्या अशा रकमेवर २० टक्के टीसीएस (पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर) लागतो, तो विवरणपत्रात परत मागता येतो.

अनोळखी माणसाशी पी२पी (एक्स्चेंजऐवजी थेट माणसामाणसांत सौदा) करून रुपये मिळवणाऱ्यांना एक सांगतो. समोरच्याने पाठवलेले पैसे कुठल्या फसवणुकीतले निघाले की भलत्याच राज्यातल्या सायबर पोलिसांच्या पत्रावर तुमचं खातं गोठतं. माझ्या एका अशिलाचं पगाराचं खातं असं अडकलं, घरभाडं द्यायला भावाकडे हात पसरावा लागला. सुटलं ते वहीमुळे: हॅश, चॅट, यूपीआयचा क्रमांक आणि २६क्यूईची पावती एकाच पानावर होती.

प्लॅटफॉर्म तुम्हीच चालवत असाल तर

मिहानमध्ये (नागपूर विमानतळाजवळच्या उद्योगक्षेत्रात) बसून चारजणांनी एखादं स्वॅपचं संकेतस्थळ काढलं, शुल्काचा वाटा आपल्या वॉलेटमध्ये वळवला आणि वर 'आम्ही विकेंद्रित' अशी पाटी लावली, तर पाटीला फार किंमत नाही. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा नाण्यांची अदलाबदल, हस्तांतर, सांभाळ अशा कामांना लागू झाला. दुसऱ्याच्या वतीने हे काम धंदा म्हणून करत असाल तर एफआययूकडे नोंदणी, ग्राहकाची ओळख, संशयास्पद व्यवहारांचा अहवाल आणि पाच वर्षं नोंदी, हे सगळं येतं. भारतात ऑफिस नसणं ही पळवाट नाही. बायनान्सला जून २०२४ मध्ये १८.८२ कोटींचा दंड झाला. शुल्काचं उत्पन्न हे सेवेचं उत्पन्न, त्यावर जीएसटी १८ टक्के. कोड खरोखर कोणाच्याच ताब्यात नसेल तर गोष्ट वेगळी, पण अ‍ॅडमिनची चावी कोणाकडे आहे हा प्रश्न पहिला विचारला जातो.

परदेशातली माहिती इथे कशी येणार

ओईसीडी या देशांच्या आर्थिक संघटनेच्या सीएआरएफ (क्रिप्टो व्यवहार एकमेकांना कळवण्याच्या) चौकटीत सहभागी देशांतली एक्स्चेंज ग्राहकाचा कर-रहिवास विचारून घेतात आणि वर्षाचा गोषवारा आपल्या सरकारमार्फत ग्राहकाच्या देशाला पाठवतात. पहिली देवाणघेवाण २०२७ मध्ये. सिंगापूर, हाँगकाँग आणि संयुक्त अरब अमिराती २०२८ मध्ये येणार. युरोपीय संघाचा असाच नियम १ जानेवारी २०२६ ला सुरू झाला. अमेरिकेत विकेंद्रित प्लॅटफॉर्मना दलाल मानणारा नियम एप्रिल २०२५ मध्ये रद्द झाला, त्यावर इथली मंडळी खूश होती. पण एक्स्चेंजवरून स्वतःच्या वॉलेटमध्ये काय गेलं, याचीही बेरीज सीएआरएफमध्ये कळवली जाते. म्हणजे डीफायचं दार उघडलेलं दिसतंच. आपल्याकडे त्यासाठी २८५बीएए हे कलम १ एप्रिल २०२६ पासून आहे, नव्या कायद्यात ५०९.

'त्यांना काय कळतंय' असं कोणी म्हणालं की मी छिंदवाडा रोडकडे बोट दाखवतो. देशभरातले आयकर खात्याचे आयआरएस अधिकारी तयार होतात ती राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी आपल्याच गावात आहे.

मागच्या वर्षांचं राहिलं असेल तर

नोटीस येण्याआधी अद्ययावत विवरणपत्र, म्हणजे आयटीआर-यू भरता येतं. आता त्याची मुदत संबंधित आकारणी वर्ष संपल्यापासून ४८ महिने आहे. पहिल्या बारा महिन्यांत कर आणि व्याजावर २५ टक्के जादा, मग ५०, ६०, ७०. झडतीत सापडलेल्या अघोषित उत्पन्नावर ६० टक्के कर आहे आणि १ फेब्रुवारी २०२५ पासून त्या व्याख्येत आभासी मालमत्ताही आली.

त्या पोराची २०२३-२४ ची वही आम्ही आता बसवतोय. हरवलेल्या दोन वॉलेटपैकी एकात तेरा महिने एकही हालचाल नाही, शिल्लक ०.०४ इथर. चावी नाही, विकता येत नाही, तोटाही धरता येत नाही. तरी एफएमध्ये ओळ घातली, शेऱ्यात 'सीड फ्रेज उपलब्ध नाही' असं लिहिलं आणि इथरस्कॅनचं ३१ डिसेंबरचं पान छापून फाईलला लावलं. जाताना त्याने विचारलं, प्रिंट काहून? म्हटलं, पुढच्या खेपेला तू येशील तेव्हा तुझा लॅपटॉप वेगळा असेल.